तलावाच्या पाळीवरची दोन पोती

आमच्या गावात कोंबड्या आहेत, मोर आहेत, पावसाळ्यात बगळे येतात. बदक नाही. त्यामुळं बदकांची शीट आणायला बसनं दिवसभर लांब गेलेली बाई म्हणून लोक अजून माझ्याकडे पाहतात. जो तो विचारतो. सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदा लिहून काढते. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. चुका होत्या त्या मुलीनं दुरुस्त केल्या.

आधी गेले कशाला ते सांगते. आमचं गाव आदिलाबादजवळ, तामसीकडचं. मी आणि माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात खत ओढलं. डोक्यावर टोपली आणि पायाखाली दुसऱ्याची जमीन. मग अडीच एकराचा पट्टा आमच्या नावावर झाला. आमच्या घराण्यात त्याआधी कोणाच्या नावावर जमीन नव्हती. नवरा त्यानंतर सहा वर्षांनी गेला. अडीच एकरातली खालची दोन एकर काळी आहे, कापूस होतो, तूर होते. वरचा अर्धा एकर पांढरा. वीतभर माती, तीही चुनखडीची, आणि खाली मुरूम. तिथं गवतसुद्धा विचार करून उगवतं.

मागच्या दिवाळीत रस्त्याचं काम करणारा एक ठेकेदार आला. त्याला तो मुरूम पाहिजे होता. माझा मुलगा मिलिंद आदिलाबादला एका ऑफिसात कारकून आहे. त्याला ते पटलं.

“माय, तिथं काही होत नाही. देऊन टाकू त्याले. तो खोदून नेईन अन् मोकळा होईन.”

“मंग खड्ड्यात काय पेरशीन?”

“आता काय पेरून राह्यली तू तिथं?”

 चार वर्षं ज्वारी टाकली, चारही वर्षं कणसाऐवजी शेंड्या आल्या. पण खोदलेली जमीन परत येत नाही. मी एक हंगाम मागून घेतला. पुढच्या दिवाळीपर्यंत काही उगवलं नाही तर ठेकेदार आणि त्याचं मशीन, दोघांना रस्ता मोकळा. मिलिंद ‘हो’ म्हणाला. तो वाईट नाही. दमलेला आहे.

माझा भरवसा मेंढरांवर होता. आमच्याकडे पीक निघालं की शेतात मेंढरं बसवतात. वाघूर म्हणजे जाळी लावायची, रात्रभर मेंढरं आत ठेवायची. लेंड्या आणि मूत जमिनीत जातं. दुसऱ्या दिवशी वाघूर पुढं सरकवायची. मी मेंढरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “काकू, तुमच्याकडे येनं बंद केलं मी. कापसाच्या पऱ्हाटीवर औषध मारून ठेवता तुमी. ते खाऊन माझी मेंढरं फुगून मेली.” खरं होतं. सगळेच मारतात, आम्हीही मारतो.

माझी मुलगी सुजाता बेज्जूरच्या बाजूला शाळेत शिकवते. तिला फोनवर हे रडगाणं सांगितलं तर ती म्हणाली, “माय, इथं धान कापल्यावर बदकं बसवतात शेतात. तुमच्या मेंढरांवानी. येऊन पाह्य एकदा.”

सहा डिसेंबरचा कार्यक्रम झाला, कापसाची दुसरी वेचणी झाली आणि मी निघाले.

घाटातून

बायांना आता बसचं तिकीट लागत नाही. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. त्यामुळं बसमध्ये बायाच बाया होत्या. मी आदिलाबादला बस बदलली आणि पुढं आसिफाबादपर्यंत खिडकीशी बसले.

मी कोणतंही गाव पाहते तेव्हा आधी त्याचा उकिरडा पाहते. आयुष्यभर तेच काम केलं, डोळा तिकडंच जातो. आमच्याकडे ट्रॅक्टर आले, बैल गेले, उकिरडेही गेले. आता घराघरात युरियाची रिकामी पोती आहेत, त्यांचे पडदे करतात. केरमेरीच्या घाटात गोंडांच्या वाड्या लागल्या. अंगणं सारवलेली, आणि प्रत्येक गोठ्यामागं खताचा ढीग, त्याला बांबूचं कुंपण. कुंपण खताला! मला ती माणसं आवडली. घाटात साग वाळून तांबडा झालेला. एका वळणावर बस थांबली तेव्हा पानं गळण्याचा आवाज येत होता.

कागजनगरच्या पुढं मातीचा रंग बदलला. धान कापलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, त्यांत अजून ओल. तिथले उकिरडे लहान, काळे, तणसानं, भाताच्या पेंढ्यानं, भरलेले. आमच्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. खत टाकलं तर भेगेतून खाली जातं. तिकडची माती पाणी धरून बसते, तिला वरून दिलेलं वरच राहतं. हे बसमधून दिसत नाही, पण चिखल पाहिला की कळतं.

सुजाताचं बिऱ्हाड

जुन्या हिशोबानं बेज्जूर आमच्याच जिल्ह्यातलं. आता ते आसिफाबादकडे गेलं. कागद गेले, गाव तिथंच आहे. सुजाताची शाळा बेज्जूरपासून थोडी पुढच्या एका गावात. प्राणहिता तिथून जवळ. एका संध्याकाळी तिनं मला नेलं. नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. पलीकडे गडचिरोली. तिकडच्या काठावर एक बाई म्हशीला मराठीत शिव्या देत होती. इतक्या लांब येऊन घरचेच शब्द ऐकू आले.

जेवायला तिन्ही वेळा भात. भातानं पोट लगेच भरतं आणि शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, गेलं की उतरतं. मी घरून ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा नेला होता, तो तीन दिवस पुरवला. चौथ्या दिवशी भाकरी दगड झाली. मग भात.

सुजाताचा घरमालक मल्लय्या. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा शेतकरी. तलावाखाली त्याच्या दोन एकर बांध्या आहेत. तो तेलुगूत बोलतो, मला बाजारापुरती तेलुगू येते, बाकी सुजाता सांगायची. मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, बदकांचं खत चांगलं का मेंढरांचं?

तो म्हणाला, “मेंढरू इथं चिखलात उभं राहत नाही. खूर सडतो. बदक उभं राहतं. जे उभं राहतं त्याचं खत चांगलं.”

मला माणूस शहाणा वाटला.

बदकवाले एक जोडपं होतं. समुद्राच्या बाजूचे, नेल्लूरकडचे. नवरा दिवसभर बदकांमागं चालायचा आणि बोलायचा नाही. सगळं बोलणं बायको करायची. तिचं नाव लच्छम्मा. चाळिशीची, काळी, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. हजाराच्या वर बदकं घेऊन ते गावोगाव फिरतात. जिथं धान कापलं तिथं जातात. बदकं सांडलेला दाणा खातात, गोगलगाई खातात, किडे खातात, आणि अंडी देतात. अंडी यांची, खत शेतवाल्याचं. शिवाय ज्याच्या शेतात बदकं बसतात त्याला सकाळी थोडी अंडी देण्याची रीत आहे. आमच्याकडे उलटं. मेंढरं बसली की शेतवाल्यानं मेंढरवाल्याला ज्वारी द्यायची, भाकरी द्यायची. मी हे लच्छम्माला सांगितलं. तिला थोडी हिंदी येत होती. ती म्हणाली, “मंग अम्मा, मैं मेंढी लाती. तुम्हारा गाँव अच्छा है.”

गावानं नंबर लावले होते. मल्लय्याचा नंबर दोन वर्षांनी आला होता. मागच्या वर्षी त्याच्यापर्यंत येण्याआधीच बदकवाले दुसऱ्या गावाला गेले होते. आता तीन रात्री त्याच्या, रोज वेगळ्या बांधीत. मग चिखलणी आणि उन्हाळी धानाची लावणी.

मी आपली दोन पोती मागितली. मल्लय्यानं मान हलवली. नाही. सुजातानं समजावून सांगितलं. बसल्या शेतातलं खत शेताबाहेर न्यायचं नाही, ही गावाची रीत आहे. एकानं पोतं नेलं तर उद्या सगळे नेतील, आणि मग भांडणं. मला राग आला, पण रीत बरोबर होती. आमच्या गावात अशी रीत असती तर आमचंही खत आमच्याजवळ राहिलं असतं.

टाळ्या

आता माझी चूक सांगते.

पहिल्या रात्री बदकं मल्लय्याच्या वरच्या बांधीत बसली. मी पहाटे उठले. उठायची सवयच आहे. तांबडं फुटत होतं. बांधीभोवती गुडघ्याएवढी निळी जाळी, आत बदकं दाटीवाटीनं बसलेली, हळू आवाजात कचकच करणारी. लच्छम्मा झोपडीपाशी चूल पेटवत होती.

आमच्याकडे मेंढरं बसली की पहाटे शेतवाल्याच्या घरच्या बाईनं एक काम करायचं असतं. मेंढरू उठलं की आधी लेंड्या टाकतं आणि मुततं. ते जर चालता चालता रस्त्यावर गेलं तर शेताचं नुकसान. म्हणून मेंढरं बाहेर काढायच्या आधी वाघुरीच्या आत जायचं, टाळ्या वाजवायच्या, ‘हेऽ हेऽ’ करायचं, सगळी उठवायची, आणि थोडा वेळ जागच्या जागी उभी ठेवायची. सगळं शेतातच पडतं. हे मी दुसऱ्यांच्या शेतात किती वेळा केलं असेल. मला वाटलं, मल्लय्याच्या घरात मी पाहुणी, तेवढंच त्याचं काम होईल. त्याला बरं वाटलं तर पोत्यांचंही बघेल.

मी जाळी ओलांडून आत गेले. एक चप्पल चिखलात राहिली. हात वर केले आणि जोरात टाळ्या वाजवल्या.

हजार बदकं एकदम उठली. मेंढरं उठतात तशी नाही. भिंत पडावी तशी उठली. सगळी एका बाजूला पळाली, जाळीवर पडली, जाळी खाली, आणि सगळी तलावाकडे. त्यांच्या पायाखाली अंडी फुटली. बदकं पहाटेच अंडी घालतात, तेही उघड्यावर, जिथं बसली असतील तिथं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

लच्छम्मा हातात जळतं लाकूड घेऊन धावत आली. “क्या करे तुम! क्या करे!”

मी तशीच उभी. एका पायात चप्पल.

“ताली क्यों मारे? यहाँ शादी है?”

मी सांगितलं, खत पडावं म्हणून. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली. हसायला नाही, रडायलाही नाही. फुटलेली अंडी एक एक करून बाजूला काढायला लागली. मग शांतपणे सांगितलं. बदकाला उठवून खत मिळत नाही. ते रात्रभर थोडं थोडं शिटतं, पाण्यासारखं. सकाळपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. आणि घाबरलेलं बदक तीन-चार दिवस नीट अंडी देत नाही. तीन-चार दिवस म्हणजे त्यांची चूल. “आज जाते हम,” ती म्हणाली. “इस गाँव में नहीं रहना.”

मल्लय्या आला. जाळी पाहिली, मला पाहिलं. पडलेली जाळी उभी करायला लागला. त्याच्या दोन वर्षांच्या नंबरातली एकच रात्र झाली होती. तो बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

सुजाता मात्र बोलली. “माय, तू काऊन गेली त्यात? तुले कोणी सांगतलं होतं?”

“मेंढरं अशीच उठवतात.”

“ती मेंढरं होय का?”

मी चप्पल काढली, पदर खोचला आणि लच्छम्माच्या शेजारी बसून अंडी वेचायला लागले. ती म्हणाली, जा. मी गेले नाही. ती पुन्हा म्हणाली, जा. मी म्हटलं, “तेरा नुकसान मैं की. काम बता.”

बदकांमागं

तिनं काम बताया, आणि माझे हाल केले. योग्यच केलं.

तलावात गेलेली बदकं गोळा करायला संध्याकाळ झाली. बदक हाकायला काठी मारायची नसते. लांब काठीच्या टोकाला पांढरी चिंधी बांधलेली असते, ती नुसती दाखवायची. चिंधी डावीकडे तर बदकं उजवीकडे. आणि चालायचं सावकाश. मी जन्मात सावकाश चालले नाही. लच्छम्मा मागून ओरडायची, “अव्वा, धीरे! तू बदकवाली है या कोतवाल?” तिनं माझं नाव ‘टाळ्यावाली अव्वा’, म्हणजे टाळ्यावाली आजी, ठेवलं. दुपारपर्यंत ते गावभर झालं. शाळेतली पोरं सुजाताला विचारायला लागली, मॅडम, टाळ्यावाली अव्वा तुमची आई का?

त्या दिवशी ते गेले नाहीत. इतकी बदकं गोळा करण्यात दिवस गेला, मग निघणार कधी? दुसऱ्या सकाळी मी लांबून पाहिलं. रोज तीन टोपल्या भरायच्या, त्या दिवशी एकही भरली नाही. लच्छम्मानं टोपली मला दाखवली. मी पुन्हा काठी घेतली.

दोन दिवस चालता चालता ती बोलायला लागली. बायांचं तसंच असतं, पाय चालले की तोंड चालतं. तिनं मुलूख पाहिला आहे. ती म्हणाली, समुद्राकडच्या मोठ्या शेतवाल्यांना बदकांचं खत नको असतं. त्यांच्याकडे युरिया भरपूर. ते म्हणतात, दाणे खा आणि चार दिवसांत निघा. शिवाय त्यांची जमीन आधीच इतकी माजलेली की बदकं बसली तर धान उंच वाढतं आणि आडवं होतं, लोंब्या पोकळ. करीमनगरकडे लोक एक रात्र बसू देतात, दुसरी नको म्हणतात. आणि इथं, नदीच्या काठी, लोक नंबर लावतात. “जमीन जितनी गरीब, बदक का उतना मान,” ती म्हणाली. “माणसाचं उलटं आहे,” मी म्हटलं. तिला ते कळायला वेळ लागला, मग ती पोट धरून हसली.

मी तिला माझ्या पांढऱ्या अर्ध्या एकराबद्दल सांगितलं. ठेकेदाराबद्दलही. बदकं आमच्याकडे आणशील का, विचारलं. ती म्हणाली, पाणी कुठं आहे? मी म्हटलं, विहिरीत. पऱ्हाटीच्या धसकटांनी बदकाच्या पायाची चाळणी होईल, ती म्हणाली. बदकाला डोळ्यापुढं पाणी दिसलं नाही तर ते रात्रभर ओरडतं आणि सकाळी मरतं. म्हणजे ते संपलं. आमच्याकडे मेंढरू येत नाही आमच्या औषधामुळं, आणि बदक येत नाही आमच्या मातीमुळं.

तिसऱ्या दिवशी टोपल्या दोन भरल्या. चूल पेटल्यावर लच्छम्मानं मला चहा दिला. मल्लय्याच्या उरलेल्या दोन रात्रीही झाल्या. पहिल्या सकाळची अंडी मल्लय्याला मिळाली नव्हती, म्हणून लच्छम्मानं आपण होऊन एक रात्र वाढवून दिली. मल्लय्यानं तिला तांदूळ आणून दिले. तशी त्यांच्याकडे रीत नाही.

तिसऱ्याच दिवशी दुपारी मल्लय्या माझ्याकडे आला. बदकं दुपारी तलावाच्या पाळीवर, चिंचेखाली, दोन तास बसतात. तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, “ती पाळ कोणाच्या शेतात नाही.” एवढंच म्हणाला आणि घराकडे गेला.

मला कळायला दोन क्षण लागले. बसल्या शेतातलं खत शेताबाहेर न्यायचं नाही. पाळ शेत नाही. तिथं पडलेलं पावसात तलावात जातं, कोणी विचारत नाही. मी सुजाताला घेऊन गिरणीवर गेले, भाताचा तूस मागून आणला, मल्लय्याच्या घरचं तणस घेतलं आणि चिंचेखाली वीतभर थर घातला. बदकाची शीट झाडून गोळा होत नाही. खाली काहीतरी घालून ती त्यात मुरवावी लागते. चार दुपारी बदकं त्या थरावर बसली. मी लांब, बांधावर, हात मांडीखाली धरून बसायचे. लच्छम्मा जाता-येता म्हणायची, “अव्वा, हाथ किधर है?”

चौथ्या दिवशी तो थर उन्हात पसरला, वाळवला. दोन पोती भरली. वास काय सांगू. मी शेणात वाढलेली बाई, पण त्या वासानं मीही तोंड फिरवलं.

मी निघताना लच्छम्मानं दोन गोष्टी दिल्या. एक, सहा अंडी. बदकाचं अंडं कोंबडीपेक्षा मोठं, पिवळा बलक दाट, चिंचेच्या रश्श्यात चांगलं लागतं, नुसतं उकडलं तर ओलसर वास येतो. दुसरी, सल्ला. हे खत गरम आहे, तसंच टाकू नको. एक टोपली हे, दहा टोपल्या पालापाचोळा, पाणी मारून झाकून ठेव, पावसापर्यंत हात लावू नको. तुझा हात फार चालतो, ती म्हणाली.

परतताना

कागजनगरच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय?

“खत.”

“कशाचं?”

“बदकाचं. वास येतो. पुढं बोल.”

त्यानं मला पोत्यांसह मागच्या सीटवर बसवलं. घाटात थंडी होती, तरी सगळ्यांनी खिडक्या उघडल्या. एका बाईनं नाकाला पदर लावून विचारलं, एवढ्या लांब हे कशाला नेता? मी सांगितलं. ती इंद्रवेल्लीकडची, तिच्याकडेही असाच एक पांढरा तुकडा. उतरताना तिनं पिशवीतून एक मोठा कागद काढला आणि म्हणाली, मूठभर द्या. दिलं.

आदिलाबादला मिलिंद मोटारसायकल घेऊन स्टँडवर आला. पोत्याजवळ वाकला आणि एकदम मागं झाला.

“माय, तू तिकून गू घेऊन आली?”

“हो. दोन पोती.”

“दोन पोत्यांत काय होनार हाय?”

मला माहीत होतं. अर्ध्या एकराला दोन पोती म्हणजे काही नाही.  त्यानं नाकाला रुमाल बांधला, एक पोतं पुढं, एक मागं बांधलं आणि मला बसनं पाठवलं.

मी सांगितल्याप्रमाणं केलं. तुरीचा पाला, कापसाचा कचरा, शेजाऱ्याच्या म्हशीचं शेण, सगळं मिसळून ढीग लावला, वर तणस. उन्हाळ्यात तो ढीग आतून इतका तापला की हात घालवेना. एकदाच राहवलं नाही. एका पोत्याच्या तळाशी दोन मुठी कच्चं खत उरलं होतं, ते मी थेट चार ठिकाणी मातीत घातलं. पेरणी झाल्यावर तिथलं बी उगवून जळून गेलं. लच्छम्मा बरोबर बोलली होती, माझा हात फार चालतो.

मृगात त्या ढिगाचं खत बारा तासांना पुरलं, म्हणजे पेरणीच्या बारा ओळींना. बाकीच्या तासांत नुसती ज्वारी पेरली. बी एकच, पाऊस एकच.

हे लिहिते आहे ते पोळ्याच्या आठवड्यात. बारा तासांतली ज्वारी माझ्या खांद्याला लागते. बाकीची गुडघ्याएवढी, पिवळी, दर वर्षीसारखी. मधल्या रेषेवर उभं राहिलं तर दोन गावांच्या धुऱ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. बारा तासं म्हणजे अर्धा एकर नाही, हे मी ओळखून आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ठेकेदार आला. मिलिंद घरीच होता. दोघं वरच्या तुकड्याकडे गेले, मी मागून गेले. ठेकेदार मुरमाकडे पाहत होता. मिलिंद तासांतून आत गेला. हिरव्या बाजूचं ज्वारीचं एक ताट धरलं, पिवळ्या बाजूचं एक धरलं. वाकून माती हातात घेतली, नाकाशी नेली आणि काही वास येतो का पाहिलं. येत नव्हता.

“साहेब, पीक उभं हाय,” तो ठेकेदाराला म्हणाला. “आमी नाई देऊन राह्यलो.”

ठेकेदार गेला.  घरी येऊन मिलिंदनं पाय धुतले, चहा घेतला. मग सुजाताला फोन लावला. डिसेंबरात ते बदकवाले येणार का, ते विचारलं. फोन ठेवून माझ्याकडे वळला.

“माय, त्या तलावाच्या पाळीवर टेम्पो जाते का?”

“जाते,” मी म्हटलं. “पण हॉर्न वाजवू नोको.”